घरच्या फोटोंची मेणबत्ती: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी मुलं, जावा, नणंदा आणि सासूबाई मिळून फोटोच्या मेणबत्त्या करतो. बघितलं की प्रत्येकजण तेच तेच विचारतं, म्हणून इथे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

फोटोची मेणबत्ती म्हणजे नक्की काय? फोटो वरून चिकटवायचा का?

नाही, चिकटवायचा नाही, डिंक फेविकॉल काहीच लागत नाही. फोटो पातळ पांढऱ्या टिश्यू कागदावर प्रिंट करायचा, तो कागद मेणबत्तीभोवती गुंडाळायचा आणि वरून हेअर ड्रायरने गरम करायचं, म्हणजे मेणबत्तीचं वरचं मेण जरासं वितळून कागदात शिरतं, कागदाचा पांढरेपणा निघून जातो आणि फोटो जणू मेणाच्या आतच छापलाय असं दिसतं. तेल लागलेला वर्तमानपत्राचा तुकडा कसा आरपार दिसायला लागतो, भज्यांच्या पुडीचा, तसंच हे, फक्त तेलाऐवजी मेण.

सामान काय काय लागतं?

जाड पांढरी मेणबत्ती, पांढरा टिश्यू कागद, साधा ए-४ कागद, ग्लू स्टिक किंवा सेलोटेप (मेणबत्तीला नाही, फक्त छापताना टिश्यू ए-४ ला लावायला), कात्री, बटर पेपर आणि हेअर ड्रायर. प्रिंटर इंकजेटच म्हणजे ओल्या शाईचा पाहिजे, त्याबद्दल खाली लिहिलंय. खरा खर्च मेणबत्तीचाच, बाकी बरंचसं घरात असतं.

मेणबत्ती कुठली घ्यायची?

लाइट गेल्यावर लावतो ती बारीक मेणबत्ती अजिबात नको, तिच्यावर फोटो मावत नाही आणि कागद ज्योतीच्या फार जवळ येतो. निदान साडेसात सेंटीमीटर म्हणजे ३ इंच व्यासाची घ्या, उंची १५ सेंटीमीटरच्या आसपास. दुकानात पिलर कँडल म्हणून मागितली की देतात. रंग पांढरा किंवा हस्तिदंती, कारण प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही, फोटोत जे पांढरं असतं ते म्हणजे कोरा कागद, आणि मेण शिरल्यावर कागद आरपार झाला की तिथे मेणबत्तीचाच रंग दिसतो. लाल मेणबत्तीवर आजोबांचं धोतर लालच दिसणार.

अजून एक बघा, काही मेणबत्त्यांवर वरून चकचकीत किंवा सोनेरी-चंदेरी थर दिलेला असतो, त्या घेऊ नका, त्या थरातून मेण वर येत नाही आणि कागद नुसता वर बसून राहतो. दुकानात नखाने तळाला जरा खरवडून बघा, आत बाहेर एकच मेण असेल तर ती चालेल.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीकडे, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास अशा मेणबत्त्या मिळतात. आणि महाबळेश्वरला जाणं झालं तर तिथे सनराइज कँडल्स आहे, भावेश भाटिया यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं. ते स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांच्याकडे काम करणारे बरेचजण दृष्टिहीन आहेत. मुलांना हे नक्की सांगा, मेणबत्ती हातात घेतल्यावर मुलं जरा वेगळ्या नजरेने बघतात तिच्याकडे, मी बघितलंय.

टिश्यू कागद म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा का?

तो नको, त्याच्यावर बारीक उठावाची नक्षी असते आणि प्रिंटरमध्ये फाटतो. बुटांच्या खोक्यात किंवा नव्या शर्टाच्या घडीत जो पातळ, सळसळ आवाज करणारा पांढरा कागद येतो ना, तोच पाहिजे. आमच्याकडे वर्षभर तो जपून ठेवतात आता, माझा पुतण्या तर नवे बूट आणले की बुटांआधी कागद काढून घेतो. चुरगळलेला असला तर वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा, सरळ होतो.

सुंदर नक्षीचे छापील नॅपकिन मिळतात तेही वापरता येतात, पण तिथे प्रिंट करायचा प्रश्न नसतो, वरचा छापील पदर तेवढा हलक्या हाताने सोडवून घ्यायचा आणि तोच गुंडाळायचा. दोन-तीन पदर तसेच ठेवले तर मेण नीट शिरत नाही आणि पांढुरके डाग राहतात.

इतका पातळ कागद प्रिंटरमध्ये जातो कसा?

एकटा जात नाही, त्याला पाठीला आधार द्यायचा. टिश्यू ए-४ कागदापेक्षा जरा मोठा कापा, ए-४ च्या चारही कडांना ग्लू स्टिक लावा, त्यावर टिश्यू अंथरा आणि मधून बाहेरच्या दिशेने तळहाताने सपाट करत न्या, मग बाहेर आलेला भाग कात्रीने अगदी कडेला कापा. जी कड प्रिंटरमध्ये आधी शिरणार ती पक्की चिकटलेली पाहिजे, तिथे एक पट्टी सेलोटेपची लावली तरी चालेल, कारण कागद अडकतो तो तिथेच अडकतो. ग्लू पूर्ण वाळू द्या, ओल्या डिंकाचा कागद प्रिंटरात घालू नका.

सेटिंगमध्ये साधा कागद आणि नॉर्मल क्वालिटी ठेवा. फोटो आहे म्हणून हाय क्वालिटी निवडायचा मोह होतो पण मग शाई इतकी पडते की टिश्यू ओला होऊन सुरकुततो. प्रिंट निघाला की दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणला तर?

बहुतेक दुकानांत लेझर प्रिंटर असतो, त्यात शाईची पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवतात, आत रोलर भलताच तापलेला असतो, त्यात टिश्यू गेला तर चिकटून बसायची भीती. दुकानदार नाही म्हणाले तर त्यांचं बरोबरच आहे, वाद घालू नका. ओळखीत कुणाकडे इंकटँकवाला प्रिंटर (तोही इंकजेटच) आहे का बघा, लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी खूप घरांत आला होता, बऱ्याच ठिकाणी आता नुसता धूळ खात असतो. आम्ही पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंकडचा वापरला आणि एक मेणबत्ती त्यांच्या नातवाची करून दिली.

फोटो उलटा म्हणजे मिरर करून छापायचा ना?

नाही! हा घोळ फार होतो. टी-शर्टवर इस्त्रीने छाप उठवतात त्याला उलटा लागतो, इथे आपण कागदच कायमचा लावतोय, छापलेली बाजू बाहेर आणि कोरी बाजू मेणबत्तीकडे. उलटा छापलात तर अक्षरं उलटी येणार, नऊवारीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जाणार, आणि घरातलं म्हातारं माणूस ते पहिल्या नजरेत ओळखतं.

साइझ कसा ठरवायचा?

दोरा घ्या, मेणबत्तीभोवती एकदा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. साडेसात सेंटीमीटर व्यासाला घेर साधारण साडेतेवीस सेंटीमीटर येतो. ए-४ कागद उभा धरला तर रुंदी २१ सेंटीमीटरच, म्हणजे पूर्ण वेढा द्यायचा असेल तर पान आडवं करून छापायला लागेल. पण मला विचाराल तर पूर्ण वेढा देऊच नका, एकच चेहऱ्याचा फोटो समोर, आठ-नऊ सेंटीमीटर रुंद, बाकी मेणबत्ती कोरी, हे जास्त छान दिसतं. ग्रुप फोटो गोल पृष्ठभागावर टाकला की कडेची माणसं मागे वळून जातात आणि मग कुणीतरी म्हणतंच की मला मागे का टाकलं.

वरून निदान ३ सेंटीमीटर जागा कोरी सोडायचीच सोडायची. हे फक्त दिसण्यासाठी नाही, सुरक्षेसाठी आहे.

कुठला फोटो चांगला उठून येतो?

मोठा चेहरा, मागची गर्दी कमी, उजेड भरपूर. अंधारातले, संध्याकाळी समारंभात काढलेले फोटो काळपट होतात. छापण्याआधी मोबाइलवरच ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडा थोडा वाढवा. आधी पासपोर्ट साइझचा एक छोटा तुकडा छापून तुटक्या मेणबत्तीवर करून बघा, मग मोठा छापा.

पण या प्रश्नाचं माझं खरं उत्तर वेगळं आहे. जुने फोटो काढा. ट्रंकेतले, गोदरेजच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यातले, ज्यांना पांढरी कातरलेली बॉर्डर असते आणि मागे स्टुडिओचा पुसट शिक्का असतो ते. आम्ही दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचा १९७४ मधला स्टुडिओतला फोटो घेतला, खुर्चीवर हात टेकून उभे, केस मागे वळवलेले, मनगटावर घड्याळ. माझी लेक तो मोबाइलवर मोठा करून घड्याळ बघत होती आणि म्हणाली आजोबांचं घड्याळ भारी आहे, तर सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, ते घड्याळ त्यांचं नव्हेच, माझ्या दादाचं, फोटोपुरतं मागून घातलेलं, आणि संध्याकाळी परत द्यायला गेले तेव्हा दादाने चहाला थांबवलं, तिथे यांनी मला पहिल्यांदा बघितलं. लग्न होऊन मला चौदा वर्षं झाली होती तोपर्यंत, ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती, माझ्या नवऱ्याने पण नाही. मेणबत्ती त्या दिवशी झालीच नाही, लसूणही तसाच राहिला, रात्री अकरापर्यंत एकेक फोटो निघत होता. म्हणून सांगते, फोटो निवडायला एक पूर्ण दुपार ठेवा आणि त्या दुपारी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मध्ये बसवा.

जुना फोटो स्कॅनर नसताना कसा घ्यायचा?

खिडकीजवळ, थेट ऊन नाही अशा ठिकाणी फोटो सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून समांतर धरा, फ्लॅश बंद. चकचकीत फोटोवर आपलीच सावली किंवा खिडकी दिसते, मग जरा बाजूला सरकवून बघायचं. ज्या अल्बममध्ये फोटो चिकट पानावर असून वर प्लॅस्टिक असतं त्यातून फोटो ओढून काढू नका, वर्षांनी तो पानाला धरलेला असतो, चेहऱ्यावरचा थरच निघून येतो. प्लॅस्टिक हळूच उचलता आलं तर ठीक, नाहीतर तसाच वरून काढा.

काळा-पांढरा फोटो रंगीत शाईने छापला तर कधी हिरवट कधी गुलाबी झाक येते. सेपिया म्हणजे तपकिरी छटा देऊन छापा, हस्तिदंती मेणबत्तीवर तर अप्रतिम दिसतो.

आता गुंडाळायचं आणि गरम करायचं कसं, नीट सांगा.

प्रिंट पूर्ण वाळला की फोटो कापून घ्या आणि पाठीमागचा ए-४ कागद अलगद सोडवा. कापताना कडेला पांढरा भाग फार ठेवू नका. कड दिसूच नये असं वाटत असेल तर फोटोच्या बाहेर अर्धा सेंटीमीटरवर ओल्या ब्रशने रेघ मारून कागद हाताने फाडा, धागे सुटलेली कड मेणात विरघळल्यासारखी दिसते. पण पाणी छापलेल्या भागाला लागता कामा नये, इंकजेटची शाई पाण्याने पसरते. मेणाने पसरत नाही, त्याची काळजी नको.

मग फोटो मेणबत्तीवर ठेवा, जागा नक्की करा, आणि वरून बटर पेपरचा एक वेढा ताणून द्या, इतका ताणून की खाली सुरकुती राहणार नाही, दोन्ही टोकं मागे एका मुठीत धरा. मेणकागद असेल तर उत्तमच, त्याचंही थोडं मेण मिळतं. बेकिंगचा बटर पेपर असेल तरी चालतो कारण मेण मुख्यतः मेणबत्तीचंच वर येतं. दुसऱ्या हाताने ड्रायर, गरम जास्त आणि वारा कमी, दहा-बारा सेंटीमीटर लांबून. एका जागी धरून ठेवायचं नाही, हळूहळू फिरवत राहायचं.

आणि मग ते होतं. आधी काही मिनिटं वाटतं काहीच होत नाहीये, कागद आपला कोरडा पांढरा, आणि अचानक एका कोपऱ्यात ओलसर चमक येते, जणू कुणी बोटाने पाणी फिरवलं, ती चमक पसरत पसरत गालावर येते, डोळ्यांवर येते, आणि चेहरा आतून वर आल्यासारखा दिसायला लागतो. आमच्याकडे या क्षणी सगळी शांत होतात, अगदी लहान पोरंसुद्धा.

पूर्ण फोटोवर चमक आली की ड्रायर बंद, आणि बटर पेपर लगेच सोडवायचा. एका कडेपासून, सावकाश. थंड होईपर्यंत थांबलात तर तो घट्ट धरतो आणि ओढताना टिश्यू उचलला जातो.

हेअर ड्रायर नाही आमच्याकडे.

स्टीलचा चमचा उकळत्या पाण्यात बुडवा, कोरडा पुसा आणि बटर पेपरवरून चमच्याच्या पाठीने चोळा. चमचा पटकन गार होतो, दोन चमचे आलटून पालटून घ्या. वेळ खूप लागतो पण हातात ताबा चांगला राहतो, छोट्या फोटोला मी अजूनही हेच करते. चमचा गॅसवर किंवा ज्योतीवर तापवू नका, काजळी धरते आणि ती फोटोवर जाते. रंग काढायची हीट गन असते ती मुलांच्या हातात मुळीच द्यायची नाही, ती शेकडो डिग्रीपर्यंत तापते आणि मेण साधारण ५० ते ६५ डिग्रीलाच वितळतं, एवढ्या आगीची गरजच नाही.

फुगे आले, सुरकुती पडली, डाग राहिला. काय करू?

फुगा असेल तर परत बटर पेपर लावून तेवढ्याच जागी गरम करा आणि बोटाने मधून कडेला दाबा. पांढुरका डाग म्हणजे तिथे मेण पोचलं नाही, तेच औषध. सुरकुती मात्र एकदा मेणात बसली की जात नाही, ती गुंडाळतानाच टाळायची. मेणाचे ओघळ आले असतील तर उष्णता जास्त झाली, गार झाल्यावर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडा. अगदीच बिघडलं तर गरम करून टिश्यू सोलून काढा, मेणबत्ती वाया जात नाही.

वरून मेणाचा अजून एक थर द्यायचा का?

द्यायलाच हवा असं नाही. दिला तर फोटो जास्त टिकतो, पण थर जाड झाला तर धुक्यातला दिसतो. द्यायचा असेल तर हे काम मोठ्या माणसाचं. पातेल्यात पाणी तापवून त्यात जुना उंच डबा ठेवायचा आणि त्यात मेण वितळवायचं, मेणाचं भांडं थेट गॅसवर कधीच नाही, फार तापलं की मेण पेट घेतं. मेणबत्ती वातीला धरून एकदाच बुडवून लगेच वर. उरलेलं मेण मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नका, पाइपात गोठून बसतं. डब्यातच गार होऊ द्या, पुढच्या वेळी कामी येतं.

मुलांना काय काय करू द्यावं?

चार-पाच वर्षांची मुलं फोटो निवडू शकतात आणि चित्र काढू शकतात. टिश्यूवर थेट स्केचपेनने काढलेलं चित्र अगदी असंच मेणबत्तीवर बसतं, प्रिंटरची गरजच नाही. फक्त तेलकट खडू, क्रेयॉन नको, ते स्वतःच मेणाचे असल्यामुळे गरम झाले की पसरतात. सात-आठ वर्षांची मुलं कापणं, चिकटवणं, दोऱ्याने घेर मोजणं व्यवस्थित करतात. ड्रायर दहाच्या पुढे, आणि बाजूला मोठं माणूस. काडेपेटी कुणालाच नाही.

चेहऱ्याशिवाय पण करता येतं, हे मुलांनाच सुचलं. आईच्या आंतर्देशीय पत्रातल्या चार ओळी, तिचं वळणदार अक्षर, खाली तुझीच आई, एवढंच मी माझ्या बहिणीसाठी केलं होतं. ते पार्सल उघडल्यावर तिने फोन केला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

ही मेणबत्ती पेटवायची की नुसती ठेवायची? फोटो जळत नाही का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, घाईत असाल तरी एवढं वाचाच.

मेणात भिजलेला कागद म्हणजे दुसरं काही नाही, वातच आहे ती. आपण मेणबत्तीच्या बाहेरून एक मोठी वात गुंडाळून ठेवलेली असते. ज्योत त्याच्यापर्यंत पोचली की तो पेट घेणार, नक्की घेणार. माझ्या पहिल्या मेणबत्तीवर मी फोटो अगदी वरच्या कडेपर्यंत नेला होता आणि काडी लावतानाच कडेचा टिश्यू पेटला. स्टीलच्या डब्याचं झाकण हाताशी होतं, ते वर टाकलं आणि विझलं. पाणी टाकलं नाही हे बरं झालं, पेटत्या मेणावर पाणी टाकलं तर मेण उडतं आणि भडका होतो. तेव्हापासून ३ सेंटीमीटर जागा सोडते आणि झाकण शेजारी ठेवल्याशिवाय काडी ओढत नाही.

जाड मेणबत्तीत ज्योत मधलं मेण खात खाली जाते आणि बाहेरची भिंत उभी राहते. फोटो त्या भिंतीवर असतो, त्यामुळे ज्योत थोडी खाली गेली की उजेड भिंतीतून बाहेर येतो आणि फोटो कंदिलासारखा उजळतो. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण एका वेळी एक तासाच्या वर लावू नका. जास्त वेळ लावली तर वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचतं, भिंत मऊ होऊन आत झुकते आणि कागद ज्योतीवर येतो. वात दर वेळी ५-६ मिलीमीटरवर कापा, खाली स्टीलची ताटली ठेवा, पंखा बंद, पडदा लांब, आणि खोलीत माणूस हवंच.

मधे चार-पाच सेंटीमीटर खोल खड्डा झाला की वात विसरून जा. त्या खड्ड्यात बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा ठेवायचा. टी-लाइट म्हणजे छोट्या वाटीतली बुटकी मेणबत्तीही ठेवतात काहीजण, पण खड्डा पुरेसा रुंद असेल आणि शेजारी तुम्ही बसणार असाल तरच. मी एलईडीच ठेवते. आणि मेणबत्ती कुणाला भेट देणार असाल तर पेटवायचे हे नियम तोंडाने सांगा, सोबत चिठ्ठीही द्या, कारण घेणाऱ्याला माहीत नसतं की बाहेर कागद आहे.

जिवंत माणसाच्या फोटोची मेणबत्ती अशुभ नाही का?

हे बऱ्याच घरांत होतं आणि ते उडवून लावण्यासारखं नाहीये. आपल्याकडे फोटोपुढे दिवा म्हटलं की आधी हार घातलेला फोटोच डोळ्यांपुढे येतो. शिवाय दिवा विझला असं आपण म्हणतसुद्धा नाही, दिवा मालवला म्हणतो, निरांजन शांत झालं म्हणतो, आणि इथे तर फोटोवरची ज्योत फुंकर मारून घालवायची. माझ्या सासूबाईंना त्यांच्या एकटीच्या फोटोची मेणबत्ती आवडली नाही, तोंडाने काही बोलल्या नाहीत पण रात्री ती कपाटात गेलेली दिसली. मी विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या आणि सासऱ्यांच्या लग्नातल्या जोडफोटोची केली, वात मुळापासून कापून टाकली आणि मधे एलईडी. ती त्यांच्या उशाशी असते. तेव्हा मोठ्यांना आधी विचारा, आणि शंका असेल तर वात काढूनच द्या. देवांचे फोटो मी मेणबत्तीवर लावत नाही.

मग मेणबत्ती हा प्रकार आपल्याकडचा नाहीच म्हणायचं का?

असं कसं! वांद्र्याच्या मोतमाउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेला जाऊन या, ८ सप्टेंबरच्या सणानंतरच्या रविवारी ती सुरू होते. तिथे मेणाचे हात, पाय, बाहुल्या, छोटी घरं विकायला असतात, ज्याचं जे मागणं तसा मेणाचा आकार माउलीला वाहतात, आणि वाहणारे सगळ्या धर्मांचे असतात. वसईला, गोव्याला २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर मेणबत्त्या लागतात. माझ्या वसईच्या मैत्रिणीने तिच्या वडिलांच्या फोटोची मेणबत्ती केली, पण कबरीवर नेली नाही, वाऱ्यात कागद पेटेल म्हणून. घरी वेदीजवळ ठेवली आणि कबरीवर साधी लावली. अगदी बरोबर केलं तिने.

काचेच्या ग्लासवर करता येईल का?

येतं, आणि लेझर प्रिंटर असणाऱ्यांना तोच मार्ग सोपा. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायचा, जाड काचेच्या बरणीला बाहेरून गुंडाळायचा, मागे डबल टेप, आत एलईडी. पातळ चहाचा ग्लास घेऊन आत मेणबत्ती लावू नका, तडकतो.

किती दिवस टिकते? उन्हाळ्यात काय?

उन्हात ठेवली तर शाई फिकी पडते, खिडकीतली जागा देऊ नका. सावलीत आमची सगळ्यात जुनी अजून छान आहे. उन्हाळा मात्र सांभाळायचा, नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद घरात किंवा गाडीच्या डिकीत मेण मऊ पडून मेणबत्ती वाकते. पार्सल करायचं तर पावसाळ्यानंतर करा. फोटोवर थेट बबल रॅप लावू नका, त्याचे गोल ठसे उठतात. आधी बटर पेपर, मग जुन्या सुती साडीचा तुकडा, मग बबल रॅप. धूळ बसली तर कोरड्या मऊ कपड्याने, आणि मेण फार निस्तेज वाटलं तर जुना नायलॉनचा मोजा हातात घालून हलकेच चोळा, चमक परत येते.